ताप नाही, पण डोकं दुखतं आणि उलटी होते

मुलाचं डोकं दुखून उलटी झाली की घरात ‘पित्त झालं’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. ताप नसताना असं वारंवार होत असेल तर अनेकदा ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन असते. मोठ्यांसारखं एकाच बाजूला न दुखता मुलांचं कपाळ बहुधा दोन्हीकडून ठणकतं. उजेड, आवाज नकोसा होतो. मूल अंधारात झोपतं आणि उठून खेळायला जातं. आईवडिलांना अर्धशिशी असल्यास शक्यता वाढते. न खाल्लेला डबा, जागरण, ऊन, कमी पाणी ही नेहमीची निमित्तं. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत, दुखू लागताच द्यावं. अ‍ॅस्पिरिन मनाने मुळीच देऊ नये; मुलांत त्यामुळे यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

पुढचं मात्र पालकांनी खरोखर लक्षात ठेवावं. डोकेदुखीने पहाटे जाग येणं, उठल्याउठल्या उलटी आणि आठवड्यागणिक वाढता त्रास, हे मेंदूतला दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. कारण गाठ असेल, साठलेलं पाणी असेल. उलटीनंतर बरं वाटतं, म्हणून पोटाचीच औषधं चालू राहतात आणि मोलाचे आठवडे जातात. नव्याने आलेला तिरळेपणा, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, स्वभाव किंवा अक्षर बिघडणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. फिट आली, मूल गुंगीत गेलं किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या सुरू झाल्या, तर थेट रुग्णालय गाठावं.