पिशवी काढली, पण तोंड राहिले आहे का?



"नर्सबाई, माझी तर पिशवीच काढली. आता मला कसली तपासणी?" असे पुष्कळ जणी म्हणतात. पण पिशवी काढली म्हणजे सगळेच काढले, असे प्रत्येक वेळी नसते.

गर्भाशय म्हणजे पिशवी. तिचा खालचा, योनिमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे पिशवीचे तोंड. काही ऑपरेशनांत पिशवी तोंडासकट काढतात. काहींत वरचा भाग काढून तोंड जागेवरच ठेवतात. पोटावरचे टाके पाहून हे कळत नाही. म्हणून "तोंड काढले की ठेवले?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवा. कागद हरवला असेल, तर आतून तपासल्यावर डॉक्टरांना समजते.

तोंड राहिले असेल तर :

१) दिवस जाण्याची काळजी संपली. तांबी किंवा गोळ्या नकोत. गुप्तरोगापासून बचावासाठी मात्र निरोध उपयोगी आहे.

२) काहींना महिन्याच्या महिन्याला थोडे डाग दिसतात. तोंडाला पिशवीचे थोडे अस्तर राहिले की असे होते. घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

३) तोंडाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांइतकाच राहतो. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. म्हणून ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी तपासणी करावी.

तपासणी कशी होते? आरोग्य केंद्रात तोंडाला व्हिनेगरसारख्या औषधाचा बोळा लावतात आणि मिनिटभराने पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. भूल नाही, टाका नाही. चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच झाला, असे नव्हे. पुढची तपासणी करून वेळीच उपाय केला, तर रोग होण्याआधीच थांबतो.

अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळीचे वय उलटल्यावर रक्त जाणे, यांपैकी काही झाले तर पाच वर्षांची वाट पाहू नका. लगेच दाखवा.

तोंडही काढलेल्यांना ही तपासणी सहसा लागत नाही. पण ऑपरेशन कर्करोगाच्या शंकेने झाले असेल, तर डॉक्टर सांगतील तसे करावे.

आणि लक्षात ठेवा, नसबंदीत फक्त नळ्या बंद करतात. पिशवी आणि तोंड दोन्ही राहतात. तेव्हा नसबंदी झालेल्या भगिनींनीही ही तपासणी चुकवू नये.

घरादारासाठी रोज राबता. पाच वर्षांतून एकदा थोडा वेळ स्वतःसाठी काढा!