रद्द झालं तर पैसे, रखडलं तर पोहे

इंडिगोला दंड झाला: २२ कोटी २० लाख रुपये. आकडा भरभक्कम वाटतो. पण ३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत अडीच हजारांवर उड्डाणं रद्द झाली, अठराशेवर रखडली आणि तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले, हे दंड करणाऱ्या डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचंच म्हणणं आहे. दंडाला प्रवाशांच्या संख्येने भागलं, तर माणशी साडेसातशे रुपयेही पडत नाहीत. शिवाय ही रक्कम जाणार सरकारी तिजोरीत. ज्यांचे सर्वाधिक हाल झाले, त्यांना कंपनीने दहा हजारांची व्हाउचर देऊ केली. म्हणजे जिने अडकवलं तिच्याच विमानात पुन्हा बसा!

हे का घडलं, म्हणजे वैमानिकांची विश्रांती, रात्रीची लँडिंग, रोस्टरचा गोंधळ, यांवर बरंच लिहून झालंय. खरा प्रश्न असा की प्रवाशाचा वाया गेलेला वेळ कंपनीच्या हिशेबवहीत खर्च म्हणून कुठे मांडला जातो का? मांडला गेला नाही, तर तो वाचवण्याची घाई कंपनीला कशाला असेल?

हा विचार पहिल्यांदा खणखणीतपणे मांडला ज्युलियन सायमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने, १९६८ मध्ये. तेव्हाही कंपन्या आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकायच्या आणि जास्तीच्या प्रवाशांना दारातून परत पाठवायच्या. कोणाला? तर म्हाताऱ्यांना आणि सैनिकांना, कारण ते तक्रार करण्याची शक्यता कमी, असा सायमनचा आरोप होता. त्याने उपाय सुचवला लिलावाचा. प्रत्येक प्रवाशाच्या हातात पाकीट द्या, किती पैसे मिळाले तर पुढच्या विमानाने जाल ते लिहायला सांगा आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला पैसे देऊन थांबवा. कंपन्यांनी त्याला वेड्यात काढलं.

मग १९७२ मध्ये पक्कं तिकीट हातात असूनही ॲलेगेनी एअरलाइन्सने एका प्रवाशाला विमानात घेतलं नाही. तो निघाला राल्फ नेडर, अमेरिकी ग्राहक चळवळीचा म्होरक्या. त्याने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९७६ मध्ये न्यायालयाने कंपनीवर फसवणुकीचा दावा लावण्याची वाट मोकळी केली. पुढे विमान वाहतूक मंडळाच्या अध्यक्षपदी अल्फ्रेड कान हा अर्थतज्ज्ञ आला. सायमनने त्याला गाठलं आणि १९७८ मध्ये ‘आधी स्वेच्छेने थांबणारे शोधा’ हा नियम झाला. आज अमेरिकेत पैसे घेऊन खुशीने थांबणारे प्रवासी जबरदस्तीने उतरवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते असं.

उशिराच्या बाबतीत मात्र अमेरिका ढिम्म. तिथे विमान रद्द झालं किंवा फार लांबलं आणि तुम्ही प्रवास सोडून दिला, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. भरपाईची सक्ती नाही.

युरोपने पुढची पायरी गाठली, तीही न्यायालयाच्या रेट्याने. २००५ पासून लागू असलेला ‘२६१’ नियम अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो देतो. पण मूळ मजकुरात हे पैसे उड्डाण रद्द झालं किंवा विमानात घेतलंच नाही, तरच होते. उशिराला खाणं, फोन, हॉटेल. मग टोरंटोहून फ्रँकफर्टला सुमारे २५ तास उशिरा पोहोचलेल्या एका कुटुंबाला कंपनीने सांगितलं, ‘विमान रद्द कुठे झालं? फक्त लांबलं!’ २००९ च्या या स्टर्जन खटल्यात युरोपीय न्यायालयाने ही पळवाटच बुजवली: तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर भरपाई द्या. तांत्रिक बिघाड झाला? नेहमीच्या धंद्यातलीच गोष्ट, असं न्यायालय २००८ मध्येच म्हणालं होतं. कर्मचारी अचानक सामूहिक आजारी रजेवर गेले? २०१८ चा निकाल म्हणतो, तो कंपनीच्या घरातला प्रश्न. पक्षी धडकला, तर मात्र भरपाईतून सूट.

आता आपली नियमावली पाहा. ऐनवेळी उड्डाण रद्द झालं, तर प्रवासाच्या लांबीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार, अथवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, ‘यांपैकी जे कमी असेल ते’. चार हजारांचं तिकीट काढलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीचं पंधरा हजारांचं तिकीट घ्यावं लागलं, तरी भरपाई चार हजारांतच आटोपते. विमान लांबलं, तर खाणंपिणं. सहा तासांपेक्षा जास्त लांबलं, तर पर्यायी विमान किंवा परतावा, रात्रीचं असेल तर हॉटेल. उशिराबद्दल रोख दमडी नाही. वर संप आणि कामगार-तंटे ‘असाधारण परिस्थिती’च्या यादीत. थोडक्यात, स्टर्जन निकालापूर्वी युरोप जिथे होता, तिथे आपण अजून आहोत. आठ तास लटकवलेलं विमान कंपनीला रद्द केलेल्या विमानापेक्षा स्वस्त पडतं.

कंपन्या म्हणतात, भरपाई वाढवली तर तिकिटं महागतील. थोडी महागतीलही. पण राखीव वैमानिक आणि जादा विमान ठेवण्याचा खर्च टाळून मिळणारी स्वस्ताई शेवटी प्रवाशाच्याच वेळेतून वसूल होते. युरोपातही माघारीचे प्रयत्न चालू आहेत. जून २०२५ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा चार आणि सहा तासांवर नेण्याचं ठरवलं, तर युरोपीय संसद तीन तासांवर अडून राहिली.

मुलं परदेशात असलेल्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं: फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून मुंबईला येताना कंपनी कोणतीही असो, युरोपचा नियम लागू होतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. चार तासांहून जास्त उशीर आणि दोष कंपनीचा असेल, तर ६०० युरो, म्हणजे साधारण साठ हजार रुपये. आपणहून कोणी देत नाही, मागावे लागतात. देशांतर्गत प्रवासात बोर्डिंग पास जपा, उशिराचं कारण लेखी मागा, ‘एअरसेवा’वर तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही, तर ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

पण प्रत्येकाने आयोगाची पायरी चढावी, हे काही धोरण नव्हे. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ सध्या नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री आहेत. त्यांच्याकडे मागण्या तीनच: तीन तासांपुढच्या उशिराला रोख भरपाई द्या, ‘जे कमी असेल ते’ हे कलम काढा आणि कंपनीच्या रोस्टरमधला गोंधळ ‘असाधारण’ या सबबीखाली खपवू नका. यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही. विरोध फक्त कंपन्यांचा होईल, आणि डिसेंबरनंतर त्यांचं किती ऐकायचं, हे सरकारने ठरवायचं आहे.