चित्र कोण आणतो, फोन की टीव्ही?

फोनमधला व्हिडिओ टीव्हीवर येत नाही, आला तर अडखळतो, नाहीतर आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. दोष टीव्हीला किंवा नेटला दिला जातो आणि उपाय म्हणून नवी खरेदी सुचवली जाते. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक अडचणी एका प्रश्नापाशी येऊन थांबतात: पडद्यावरचं चित्र तिथपर्यंत आणतोय कोण, फोन की स्वतः टीव्ही? जोडणीच्या बिनतारी पद्धती या प्रश्नाने सरळ दोन गटांत विभागल्या जातात. कोणत्या कामाला कोणता गट लागतो हे कळलं, की खर्च करण्याआधीच अर्धं काम होतं.

पहिल्या गटात फोनच चित्र आणतो. फोनच्या पडद्यावर जे दिसतं, तेच टीव्हीवर उमटतं. याला स्क्रीन मिररिंग म्हणतात. त्यासाठी वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ साली ‘मिराकास्ट’ हे प्रमाणित तंत्र आणलं. त्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये राउटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. मात्र फोनला पडद्यावरचं प्रत्येक दृश्य सतत आकसून पाठवावं लागतं आणि टीव्हीला ते पुन्हा उलगडावं लागतं. त्यामुळे बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो आणि चित्र किंचित मागे पडतं. दुसऱ्या गटात फोन फक्त पत्ता देतो. गूगलने २०१३ साली ३५ डॉलरला विकायला काढलेल्या क्रोमकास्टने ही पद्धत लोकप्रिय केली. यूट्यूबच्या अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं, की कोणता व्हिडिओ हवा एवढंच फोन सांगतो आणि टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोनचा रिमोट होतो. त्याच्यावर कॉल घेतला किंवा पडदा बंद केला तरी व्हिडिओ चालू राहतो. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही. तिथे अ‍ॅपलचं एअरप्ले आहे आणि ते ही दोन्ही कामं करतं. २०१९पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या काही टीव्हींतही ते मिळू लागलं.

गोंधळ होतो तो इथे. अनेक अँड्रॉइड फोनांत या दोन्ही गोष्टींना ‘कास्ट’ हे एकच नाव दिलेलं असतं. वरून खाली ओढायच्या पट्टीतलं कास्ट बहुधा अख्खा पडदा पाठवतं, अ‍ॅपच्या आतलं कास्ट फक्त तो व्हिडिओ. म्हणून यूट्यूब अडखळत असेल, तर मिररिंग बंद करून अ‍ॅपमधलं चिन्ह दाबावं. एक पैसा न खर्चता अडचण अनेकदा सुटते. उलट लग्नाचे फोटो, शिक्षकांनी पाठवलेली पीडीएफ किंवा आधीच उतरवून ठेवलेला धड्याचा व्हिडिओ दाखवायचा असेल, तर मिररिंगच सोयीचं. नेट धड न मिळणाऱ्या गावातल्या शाळेत तर त्याची खरी किंमत कळते. पडदा काळा राहण्याचं कारण वेगळं आहे. चित्रपट दाखवणारी अ‍ॅप्स नक्कल होऊ नये म्हणून आपलं चित्र मिररिंगमध्ये मुद्दाम रोखतात. यंत्र बिघडलेलं नसतं, त्यामुळे टीव्ही बदलूनही हे सुटेलच असं नाही.

वायर आता जुनी झाली, हा समजही तपासायला हवा. एचडीएमआय २००२ साली आलं आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक सपाट टीव्हींनाही त्याचं पोर्ट आहे. वायरने चित्र जवळजवळ लगेच पोचतं आणि शेजारच्या वाय-फायचा त्रास होत नाही. पण फोनच्या बाजूला सावध राहावं लागतं. टाइप-सी पोर्ट बाहेरून सारखंच दिसतं, तरी कमी किमतीच्या अनेक फोनांत त्यातून चार्जिंग आणि फाइली एवढंच जातं, चित्र जात नाही. म्हणून अडॅप्टर घेण्याआधी फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ लिहिलंय का ते पाहावं. २०२३च्या आयफोन १५मध्ये ही सोय आहे. फोनमध्ये नसेल आणि टीव्ही स्मार्ट नसेल, तर एचडीएमआय पोर्टात बसणारी स्ट्रीमिंग स्टिक घेता येते. ती नव्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. स्मार्ट टीव्हीत अ‍ॅप्स असतातच, मग फोन जोडायचाच कशाला? नेहमीच्या मालिका-चित्रपटांपुरतं हे खरं आहे. पण घरातले फोटो, अभ्यासाचं साहित्य, परदेशातल्या मुलांशी होणारा व्हिडिओ कॉल, हे सगळं फोनमध्ये असतं. शिवाय टीव्हीचा पडदा वर्षानुवर्षं टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर मात्र आधी जुनं होतं आणि अ‍ॅप्स चालेनाशी होतात. त्या वेळी फोनची जोडणीच टीव्हीचं आयुष्य वाढवते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मिररिंगमध्ये बँकेचा मेसेज, ओटीपी, खासगी गप्पा सगळ्यांसमोर येऊ शकतात. हा धोका खरा आहे आणि त्यावरचं उत्तरही त्याच पहिल्या प्रश्नात आहे. टीव्ही चित्र आणत असेल, तर पडद्यावर व्हिडिओशिवाय काही जात नाही. फोन आणत असेल, तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावं, काम संपताच जोडणी तोडावी आणि अनोळखी माणसाने फोनवरून सांगितलं म्हणून स्क्रीन शेअर कधीही करू नये.

एवढं सगळं ज्येष्ठांनी लक्षात ठेवावं तरी कसं, असंही कोणी विचारेल. मिराकास्ट, एअरप्ले ही नावं पाठ करायची गरज नाही. काय दाखवायचंय आणि ते चित्र कोण आणणार, एवढं ठरवलं की पद्धत आपोआप ठरते. खरी जबाबदारी कंपन्यांची आहे. टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर जातं की नाही, ही गोष्ट त्यांनी फोनच्या खोक्यावर ठळक छापायला हवी. तसं होत नाही तोवर ग्राहकाने आपला फोन दुकानात सोबत न्यावा, तिथल्या टीव्हीला जोडून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.