हिरवं पाणी म्हणजे सकस पाणी नव्हे

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. भोवती ऊस, कांदा, द्राक्ष. तिथल्या पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘खतानं पीक वाढतं, तर वाहून गेलेल्या खतानं मासेही पोसतील. शेवाळ तर प्राणवायूच सोडतं!’

सोडतं, पण उजेड असेपर्यंतच. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळातले जिवाणू असे सगळे पाण्यातला प्राणवायू ओढू लागतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून मासे तेव्हा वर येऊन तोंड उघडझाप करतात. भरदुपारी नमुना तपासून ‘पाणी उत्तम’ असं सांगणाऱ्यांनी तो एकदा दिवस उगवण्याआधी घ्यावा. बहुतेक माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो; २ च्या खाली फार थोडे तगतात. शेवाळ मेलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. याला मासे पोसणं म्हणायचं?

‘शेवाळ उन्हानं येतं, खताचा काय संबंध?’ हा पुढचा प्रश्न. १९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एक तळं पडद्यानं दुभागलं. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच भागात. ऊन दोघांना सारखंच होतं. शेवाळानं हिरवागार झाला तो स्फुरदाचाच भाग.

आणि ‘पहिल्या पुरात सगळं वाहून जातं’ हेही खरं नाही. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून येतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात पाणी मंदावतं, गाळ बसतो आणि स्फुरद तिथेच मुरतं. तळाशी प्राणवायू संपला की ते पुन्हा पाण्यात सुटतं. म्हणजे आज खत थांबवलं तरी मागच्या कित्येक वर्षांचं खत शेवाळ पोसतच राहतं.

‘सेंद्रिय खताचा त्रास नाही’ : कोंबडीखतातही नत्र आणि स्फुरद असतंच.

‘मोरचूद नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ : त्यातलं तांबं माशांना आणि गोगलगायींना विषारी आहे, आणि ते कुजत नाही.

‘पक्षी येतात म्हणजे पाणी शुद्ध’ : गढूळ, खताळलेल्या पाण्यातल्या अळ्यांवरही कित्येक पक्षी मजेत जगतात.

‘रामसर दर्जा मिळाला, आता काळजी नाही’ : हद्द आखता येते, पाणी मात्र वरच्या शिवारातूनच येतं.

‘सगळा दोष शेतकऱ्याचा’ : हे तर सर्वांत अन्यायाचं. वरच्या अंगाला नाशिक आहे, आणि शहराच्या सांडपाण्यातही हेच नत्र-स्फुरद असतं.

शेताकडून होण्याजोगं मात्र बरंच आहे. काठावर गवताचा रुंद पट्टा ठेवला तर गाळ आणि त्याला चिकटलेलं स्फुरद अडतं. विरघळलेलं नत्र जमिनीखालून निसटतं. त्यासाठी माती तपासून, हप्ते पाडून युरिया द्यावा लागतो, आणि आभाळ भरून आलं असेल तर पोतं उघडायचंच नाही.