सिस्टरची सुई, वॉर्डाची खिडकी

‘सिस्टर, एवढ्या आजाऱ्यांत राहून तुम्हाला काही होत नाही?’ हा प्रश्न वॉर्डात हमखास ऐकू येतो. होतं की! सर्दी-खोकला, ताप, जुलाब हे तर पाचवीलाच पुजलेले. बदली ड्युटीला कोणी मिळत नाही म्हणून बरंच काही अंगावर काढलं जातं.

बातमी होते ती मोठ्या साथीची. मे २०१८मध्ये केरळातल्या पेरांब्रा इथल्या परिचारिका लिनी पुथुसेरी निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करताना स्वतःच त्या विषाणूला बळी पडल्या. एप्रिल २०२०मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या वीसहून अधिक परिचारिकांना कोरोनाची लागण झाली, तेव्हा देशभर चर्चा झाली. सुई टोचल्याची मात्र कधी बातमी होत नाही.

रात्रपाळी. इंजेक्शन देऊन झालंय आणि शेजारच्या खाटेवरून हाक येते. सिस्टर एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण धरून ते परत बसवायला जाते. नेम चुकतो आणि सुई बोटात शिरते. म्हणून तर वापरलेल्या सुईला टोपण लावायचंच नाही, तिथल्या तिथे कटरमध्ये तोडून सुई न टोचणाऱ्या डब्यात टाकायची, असा नियम आहे. पण कटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर नियम कागदावरच राहणार. जगातल्या सुमारे साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तीस लाखांना दरवर्षी अशी रक्ताची सुई टोचते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २००२मध्ये मांडला होता.

सगळ्यांना धास्ती एचआयव्हीची. बाधित रक्ताची सुई टोचली, तर तो होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर त्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत! आणि याच आजारावर तीन डोसांची उत्तम लस आहे. नोकरीवर घेतानाच ती न देणाऱ्या रुग्णालयाला माझ्या मते माफी नाही. टोचलेलं बोट पिळत किंवा चोखत बसू नये; साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावं. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ‘मॅडम ओरडतील’ या भीतीने गप्प बसलं, की हेच तास हातचे जातात.

क्षयाचं गणित वेगळंच. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही क्षयाने गाठलं आहे. तरी तिथे निदान समोरचा रोग ठाऊक असतो. जनरल वॉर्डात ‘साधा खोकला’ म्हणून दाखल झालेला, निदान न झालेला रुग्ण जास्त घातक. लागू पडणारी औषधं सुरू झाली, की त्याच्यापासून होणारा संसर्ग झपाट्याने घटतो. जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो, तोही बहुधा काही महिन्यांनी-वर्षांनी. तेव्हा तो कोणत्या वॉर्डातून आला, हे सांगणार कोण?

खोकल्यातले सूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि साध्या मास्कच्या कडांतून आत जातात. साधा मास्क खोकणाऱ्याने लावावा, सिस्टरला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ हवा. आणि हव्यात खिडक्या. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत २००७च्या अभ्यासात दिसलं, की उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ताशी ४० वेळा हवा बदलते, तर नव्यांत १७ वेळा. आपण मात्र जुने वॉर्ड पाडून एसी बसवतो आहोत.

तुमचा माणूस दाखल असेल, तर त्याला पूर्वी क्षय किंवा कावीळ झाली असल्यास ते लपवू नका, खोकताना त्याच्या तोंडावर मास्क असू द्या, आणि सिस्टरने उघडलेली खिडकी वारा लागतो म्हणून लावू नका.