तेल सांडले एका रात्रीत, न्याय अडला वीस वर्षे

ज्या घरांनी रॉकेलचा स्टोव्ह पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना चार थेंब खाली सांडले, तर घरातली बाई आधी फडके शोधते. सांडले कोणी, धक्का कोणाचा लागला, हा वाद मागून. आधी पुसून घ्यायचे, लेकरांना बाजूला करायचे. आपल्या आया-आज्या शाळेत गेल्या नसतील, पण एवढी रीत त्यांना ठाऊक होती.

जगातल्या बलाढ्य तेल कंपन्यांपैकी एका कंपनीने मात्र ही साधी रीत पाळली नाही. त्या कंपनीची आणि तिच्यावर संतापलेल्या मच्छीमारांची ही हकिकत आहे. ती घडली सातासमुद्रापलीकडे. पण तिचे शेवटचे टोक आपल्या देशाच्या किनाऱ्याला येऊन लागले. म्हणून कष्टकऱ्यांच्या प्रत्येक घरात ती सांगितली गेली पाहिजे.

ती मध्यरात्र

अलास्का हे अमेरिकेचे उत्तरेकडचे राज्य, कॅनडाच्याही पलीकडे. त्याच्या उत्तर टोकाला जमिनीखाली तेल सापडले. १९७७ पासून ते आठशे मैल लांबीच्या नळातून दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरात येऊ लागले आणि तिथून जहाजांत भरून पुढे जाऊ लागले. जहाजांची वाट प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या समुद्रातून होती. याच समुद्रात कॉर्डोव्हा गावचे मच्छीमार सॅमन आणि हेरिंग मासे पकडून पोट भरत. त्यांनी सुरुवातीलाच विरोध केला होता. पण सर्व काळजी घेऊ, असे आश्वासन त्यांना मिळाले.

२३ मार्च १९८९ च्या रात्री ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे सुमारे हजार फूट लांबीचे जहाज तेल भरून निघाले. वाटेत बर्फाचे तुकडे आले म्हणून ते नेहमीचा मार्ग सोडून वळले, आणि मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढले. जहाजाचा तळ एकेरी पत्र्याचा होता. तो फाटला आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले.

कप्तान त्या वेळी जहाज चालवण्याच्या जागी नव्हता. दुपारी किनाऱ्यावर त्याने दारू घेतली होती, हे बाहेर येताच साऱ्या जगाने एका माणसाकडे बोट दाखवले. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्याला सोडले. निष्काळजीपणे तेल सांडल्याबद्दल मात्र दोषी धरले. पण सरकारी चौकशीने आणखीही काही सांगितले. जहाज हाती असलेला तिसरा अधिकारी कामाच्या ओझ्याने थकलेला होता आणि पुरेशी, विश्रांती मिळालेली माणसे देण्यात कंपनी कमी पडली होती. गिरणीत, गोदीत, कारखान्यात डबल पाळी केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माणसे कमी करून नफा वाढवायचा आणि अपघात झाला की एका नोकराला पुढे करायचे, ही रीत आपल्याही ओळखीची आहे.

फडके कुठे होते?

अपघात होतात. लोकांचा खरा संताप पेटला तो त्यानंतर जे झाले त्यामुळे.

तेल सांडलेच तर पाच तासांत यंत्रसामग्री जागेवर पोहोचेल, असे तेल कंपन्यांच्या संयुक्त संस्थेने लेखी आराखड्यात सांगितले होते. प्रत्यक्षात ती सामग्री वाहून नेणारा तराफा दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवलेला होता. तो पोहोचायला बारा तासांहून अधिक वेळ लागला. पुढे पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. तेल एका जागी होते, ते गोळा करण्याची ती वेळ होती. पण तेल अडवणारे तरंगते अडसर पुरेसे नव्हते आणि ओढून घेणारी यंत्रे अपुरी होती. औषध फवारून तेल पांगवायचे की नाही, यावर घोळ चालला. मग वादळ आले आणि तेल आवाक्याबाहेर गेले. पाहता पाहता सुमारे १,३०० मैलांच्या किनाऱ्याला काळे लागले.

मच्छीमार स्वतःच्या बोटी घेऊन पुढे सरसावले. काहींनी तर बादल्यांनी तेल भरून काढले. माशांची अंडी उबवण्याची केंद्रे त्यांनी आपल्या हिकमतीने वाचवली. थोडक्यात, मच्छीमार बादल्या घेऊन धावले तेव्हा कंपनी अजून सामग्रीच गोळा करत होती.

‘तुम्ही नशीबवान आहात’

अपघातानंतर चारच दिवसांनी कॉर्डोव्हाच्या शाळेच्या व्यायामशाळेत गावकऱ्यांची सभा भरली. कंपनीचा अधिकारी उभा राहिला आणि म्हणाला की तुम्हाला कळत नाही, पण तुम्ही नशीबवान आहात, कारण गाठ आमच्या कंपनीशी पडली आहे; तुमचे सगळे नुकसान भरून देऊ. ज्यांचा हंगाम तोंडावर आला होता, ज्यांच्या बोटींवर कर्जे होती, त्या माणसांना हे ऐकावे लागले. हे शब्द कॉर्डोव्हा पुढे कधीच विसरले नाही.

कंपनीचे अध्यक्ष लॉरेन्स रॉल स्वतः किनारा पाहायला गेले ते सुमारे तीन आठवड्यांनी. दहा दिवसांनंतर वर्तमानपत्रांत कंपनीची पानभर जाहिरात आली. तीत खेद होता, पण चूक आमची आहे असे सरळ वाक्य नव्हते. दिलगिरी आणि कबुली यांत फरक असतो, हे लोक बरोबर ओळखतात. अमेरिकेत पेट्रोल भरण्यासाठी कंपनीने दिलेली कार्डे हजारो गिऱ्हाइकांनी कात्रीने कापून परत पाठवली. सामान्य माणसाच्या हातात तेवढे हत्यार होते. ते त्याने वापरले.

उन्हाळ्यात साफसफाई मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. ११,००० च्या आसपास माणसे लागली, २१० कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीने सांगितले. खडकांवर गरम पाण्याचे जोरदार फवारे मारले गेले. खडक उजळ दिसू लागले, पण त्या पाण्याने खडकांवरचे बारीक जीवही मेले, असे शास्त्रज्ञांना नंतर आढळले. तेलाच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांना खोकला आणि श्वासाचे विकार जडले. अशा हजारो तक्रारींची नोंद झाली. शिवाय ज्याची बोट कंपनीने भाड्याने घेतली तो श्रीमंत झाला, ज्याची घेतली नाही तो हात चोळत बसला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. पैशाने गाव फोडता येते, हेही त्या वर्षी कॉर्डोव्हाने पाहिले.

ज्यांचे ताटच समुद्र होता

सर्वांत मोठा घाव बसला तो तिथल्या मूळ रहिवाशांना. चेनेगा हे त्यांचे छोटे गाव. २७ मार्च १९६४ च्या भूकंपात समुद्राची लाट आली आणि गावातील सुमारे एक तृतीयांश माणसे गेली. उरलेले वीस वर्षे विखुरले होते. १९८४ मध्ये त्यांनी नव्या जागी पुन्हा गाव वसवले. पाच वर्षे झाली नाहीत तोच किनाऱ्यावर तेल आले. भूकंप झाला तो गुड फ्रायडेचा दिवस होता. तेल सांडले तोही गुड फ्रायडेच.

ही माणसे बाजारातून नव्हे, समुद्रातून जेवत. शिंपले, मासे, सील हेच त्यांचे अन्न, आणि ते मिळवताना मुलांना शिकवणे हीच त्यांची शाळा. आता काय खावे आणि काय विषारी, हे आजोबांना सांगता येईना. भरपाईच्या हिशेबात पकडलेल्या माशांचा बाजारभाव धरता येतो. पण आजोबाने नातवाला समुद्र दाखवायचा राहून गेला, त्याचा भाव कोणत्या वहीत लिहायचा?

जिवाची किंमत

सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मेले, २,८०० पाणमांजरे मेली, असा अंदाज आहे. तेलाने माखलेली पाणमांजरे धुऊन वाचवण्यासाठी केंद्रे उघडली गेली. वाचलेल्या प्रत्येक पाणमांजरामागे सुमारे ८०,००० डॉलर खर्च आला. त्या वेळच्या दराने हे बारा-तेरा लाख रुपये होतात.

मुक्या जिवावर खर्च झाला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण हा आकडा वाचताना आपल्या डोळ्यांसमोर भोपाळ आल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तो तेलाचा नव्हे, वायूचा अपघात; पण तिथेही गाठ परदेशी कंपनीशीच होती. अलास्कात तेल सांडण्याच्या केवळ पाच-सहा आठवडे आधी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, भोपाळचा सारा मामला ४७ कोटी डॉलरवर मिटवला गेला. पुढे बहुतेक वायुपीडितांच्या हाती पडले ते २५,००० रुपये. कंपनी कुठलीही असो, अपघातानंतर ती किती हात सैल सोडते हे नुकसानीवर ठरत नाही. समोर कोण उभा आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे, यावर ठरते.

कोर्टातली वीस वर्षे

अलास्काच्या लोकांकडे जगाचे लक्ष होते. तरीही त्यांच्या वाट्याला काय आले ते पाहा.

कंपनीने पहिल्या काही महिन्यांत सुमारे ३० कोटी डॉलर भरपाई दिली. १९९१ मध्ये केंद्र व राज्य सरकारांशी ९० कोटी डॉलरचा समझोता केला. हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण मच्छीमार आणि मूळ रहिवासी मिळून ३२,००० हून अधिक लोकांचा दावा कोर्टात राहिला. १९९३ मध्ये हेरिंग मासे एकाएकी नाहीसे झाले. कारणाविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही, पण बोटींचे हप्ते थांबले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मच्छीमारांनी आपल्या छोट्या बोटी व्हाल्डीझच्या अरुंद तोंडाशी आडव्या घातल्या आणि तेलाची जहाजे तीन दिवस अडवून धरली.

१९९४ मध्ये अँकरेज शहरातील ज्यूरीने निकाल दिला: ५०० कोटी डॉलर दंडात्मक भरपाई. कंपनीच्या जवळजवळ एका वर्षाच्या नफ्याइतकी ती रक्कम होती. कॉर्डोव्हात आनंद झाला. पण कंपनीने अपील केले. मग पुन्हा अपील, फेरसुनावणी, पुन्हा अपील. २००६ मध्ये रक्कम निम्मी, २५० कोटी झाली. २५ जून २००८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ५० कोटी ७५ लाखांवर आणली. त्या वर्षी कंपनीचा नफा ४,५२० कोटी डॉलर होता. म्हणजे ही शिक्षा तिच्या चार-पाच दिवसांच्या कमाईची! नंतर वीसेक वर्षांपूर्वीच्या जखमेवर व्याजही मिळाले. पण तोवर हजारो दावेदार मरून गेले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, इथेच या गोष्टीचे मर्म आहे. कंपनीकडे सर्वांत मोठे हत्यार पैसा नव्हते, वेळ होता. कंपनी म्हातारी होत नाही, तिला मुलीचे लग्न करायचे नसते, तिच्या चुलीवर भांडे रिकामे नसते. ती वीस वर्षे थांबू शकते. कष्टकरी माणूस थांबू शकत नाही, आणि हे तिला माहीत असते.

संताप वाया गेला का?

नाही. पैशांत हरलेल्या लोकांनी दुसरीकडे जिंकले. १९९० मध्ये अमेरिकेत तेल प्रदूषणाचा नवा कायदा झाला. तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ हवा, असे ठरले. एकेरी तळाची जहाजे टप्प्याटप्प्याने बाद झाली. त्या समुद्रातून जाणाऱ्या भरलेल्या टँकरबरोबर दोन टग बोटी सोबतीला जाऊ लागल्या. मच्छीमार, मूळ रहिवासी आणि किनाऱ्यावरची गावे यांची नागरिक परिषद स्थापन झाली. तिचा खर्च तेल कंपन्यांनी द्यायचा, आणि लक्ष मात्र तेल कंपन्यांवर ठेवायचे! हे कोणी दान म्हणून दिले नाही. कार्डे कापणाऱ्यांनी, बोटी आडव्या घालणाऱ्यांनी ते मिळवले.

आणि ते जहाज?

जहाज दुरुस्त झाले. त्याचे नाव बदलले, मग पुन्हा बदलले. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये त्याला कायद्याने बंदी झाली. मालक बदलले, तेलाऐवजी ते खनिज वाहू लागले. अखेर २०१२ मध्ये ते मोडण्यासाठी कोठे आले? आपल्या गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर. त्यातील घातक पदार्थांवरून प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परवानगी मिळाली आणि जहाज किनाऱ्यावर चढवण्यात आले.

अलंगला जहाजे कोण तोडते? उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले गरीब मजूर, गॅसकटर हातात धरून. तिथे अपघात नवे नाहीत. ज्या जहाजाने अलास्काच्या मच्छीमारांचे ताट काळे केले, त्याचा शेवटचा पत्रा आपल्या मजुरांनी कापला.

म्हणून आपल्या वस्तीशेजारी कारखाना, टाकी, नळ काहीही येऊ घातले, तर कॉर्डोव्हाची आठवण ठेवावी. वचन मिळाले तर ते लेखी घ्यावे, आणि लेखी घेतल्यावरही तराफा दुरुस्तीला तर गेला नाही ना, हे आपण स्वतः जाऊन पाहावे. कोणी तुम्हाला नशीबवान म्हणू लागला, तर त्या दिवसापासून सगळे कागद जपून ठेवावेत आणि शेजाऱ्याचा हात सोडू नये. वीस वर्षे लागली, तर आपल्यामागून मुलांना तो लढा पुढे नेता आला पाहिजे.