दोन पळ्या

खिचडी अकराच्या आत ताटल्यांत पडायची असेल तर तांदूळ साडेआठला सुपात आला पाहिजे. मदतनीस मावशी आधी पाखडून फोल उडवतात, मग एकेक मूठ पसरून खडे आणि सोंडे वेचतात. तांदळाला जाळी धरलेली दिसली तर त्या दिवशी तो शिजवत नाहीत, उन्हात टाकतात आणि डब्यातला जुना काढतात. “खडा लागला तर मोठं माणूस थुकून पुढं खातं. लेकरू ताटच सारतं, मग कितीबी म्हना,” हे त्यांचं निवडण्यामागचं एकमेव कारण. अंगणवाडीतल्या आहाराच्या दर्जाबद्दल पुष्कळ परिपत्रकं निघाली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा सारांश मला या एका वाक्यात सापडतो.

हट्टा हे वसमत तालुक्यातलं मोठं गाव. इथे अंगणवाड्या एकाहून अधिक आहेत, त्यामुळे ही नेमकी कोणती ते सांगत बसत नाही. मी गेलो ते दिवस हळदीच्या काढणीचे होते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीच्या शिजवणीचा वास सकाळी रस्त्यावरसुद्धा येतो. बाया उजाडताच मजुरीला निघतात. निघताना लेकराच्या हातात चहात बुडवलेला बटर किंवा बिस्किटाचा पुडा. सरकारच्या हिशेबात अंगणवाडीचा आहार घरच्या जेवणाला जोड म्हणून असतो, पण काढणीच्या दिवसांत इथल्या कित्येक लेकरांचं दिवसातलं पहिलं जेवण तेच. (मानांकनवाल्या तालुक्यातल्या या खिचडीत पडणारी हळद मात्र छापील पाकिटातून येते. मावशी ती बोटावर चोळून बघतात आणि काही न बोलता घालतात.)

डाळ आधीच भिजत घातलेली असते. बोअरचं पाणी जड, त्यात तूर लवकर शिजत नाही. म्हणून भिजवणं, वरून तेलाचा थेंब आणि मीठ शेवटी. मीठ आधी पडलं तर डाळ दडदडीत राहते, असं मावशींचं म्हणणं. अर्धकच्ची डाळ लेकरं गिळतात, चावत नाहीत, आणि दुपारी पोट धरून बसतात. तांदूळ त्या दोनच पाण्यांत धुतात. तिसऱ्या-चौथ्या पाण्यात “तांदळाचा जीव जातो”. जीव म्हणजे काय ते त्या सांगणार नाहीत, पण ब जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात हे कुठलंही आहारशास्त्राचं पुस्तक सांगतं. फोडणीला मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. मिरची नाहीच.

मग येतं पाणी. माझ्या मते सगळा दर्जा इथे ठरतो, आणि तपासायला येणाऱ्यांची नजर नेमकी इथेच पडत नाही. ते कोठी बघतात, धान्याची तारीख बघतात, पटावर किती आणि हजर किती ते मोजतात. पातेल्यात पाणी किती पडलं हे कोणी विचारत नाही.

गणित सोपं आहे. समजा एका लेकरामागे ५० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम तेल घेतलं. तांदळाचे साधारण १७५ उष्मांक, डाळीचे ६८, तेलाचे ४५. मिळून २९० च्या आसपास, आणि प्रथिनं आठ ग्रॅम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा खाऊ आणि गरम जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. खाऊत २० ग्रॅम शेंगदाणे आणि १० ग्रॅम गूळ धरला तर आणखी दीडशे उष्मांक आणि पाच ग्रॅम प्रथिनं येतात. बेरीज ४४०, प्रथिनं तेरा. आकडा गाठला नाही तरी फार लांबही नाही.

आता त्याच ७० ग्रॅम डाळ-तांदळात तिप्पट पाणी घातलं तर वाफ सोडून खिचडी होते २८० ग्रॅम. सहापट घातलं तर ४९०. पळी मात्र तीच, आणि वाढायच्या पळ्याही दोनच. दोन पळ्यांत घट्ट खिचडीचे २९० उष्मांक मावत असतील, तर पातळ खिचडीचे १६५ मावतात. ताटली दोन्ही वेळा सारखीच भरलेली दिसते, फोटोतही सारखीच येते. उरलेलं परत वाढा म्हणावं, तर लेकराचं पोट ते केवढं! एका वेळी किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांच्या आहारासाठी धरलं आहे. बारा किलोच्या लेकराला ३६० ग्रॅम. म्हणजे घट्ट खिचडी पोटात बसते आणि पातळ खिचडी पोट भरूनही पातेल्यात उरते.

मावशींना हे आकडे कोणी सांगितलेले नाहीत. त्यांची परीक्षा पळीची आहे. पळी तिरकी केली की खिचडी ओघळता कामा नये, लोंबून पडली पाहिजे आणि ताटलीत पडल्यावर कडेला पाणी सुटायला नको. “पानी कमी पडलं तर घास बसतो. जास्त पडलं तर लेकरू नुसतं पानी पेतं.” नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुना जास्त पितो. पोतं बदललं की माप बदलतं, आणि पहिल्या दिवशी अंदाज चुकतोच, हेही त्या मोकळेपणाने सांगतात.

मग इतर ठिकाणी खिचडी पातळ का होते? चोरी, हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं, आणि ती कुठेच होत नाही असं म्हणायला मी धजणार नाही. पण मला दिसलेली कारणं साधी होती. पंचविसाचा अंदाज धरून डाळ भिजवावी आणि लेकरं तीसच्या वर यावीत. दादाच्या नाहीतर अक्काच्या कडेवर बसून धाकटी भावंडंही येतात. त्यांचा आहार घरी नेण्याच्या पाकिटातून ठरलेला असतो, पण दीड वर्षाच्या पोराला ही वर्गवारी कोण समजावणार? मग पातेल्यात तांब्याभर पाणी वाढतं. कधी शिधा उशिरा येतो आणि उरलेला पुरवायचा असतो. कधी बचतगटाचं बिल थकलेलं असतं आणि किराणावाला तेल उधार देईनासा होतो. पहिली कात्री बसते ती तेलालाच, कारण तेल कमी झालेलं डोळ्यांना दिसत नाही. उष्मांकांत मात्र तेलाइतकं भारी काही नाही: एका ग्रॅमला नऊ, धान्य-डाळीच्या दुपटीहून जास्त.

पैशाचा हिशेबही डोळ्यांपुढे ठेवावा. केंद्राने २०१७ मध्ये एका मुलामागे रोजचा खर्च सहा रुपयांवरून आठ रुपये केला. तीव्र कमी वजनाच्या मुलासाठी नऊवरून बारा. आठ रुपयांत वर्षाकाठी तीनशे दिवस. किराणा दुकानात एक अंडं घ्यायला गेलात तर आठातलं फार काही परत येत नाही. आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाच्या अमृत आहार योजनेतून अंडी-केळी मिळतात. त्यासाठी वेगळा पैसा आहे. बाकीच्या महाराष्ट्राची भिस्त डाळीवर.

पुण्यात उत्तरायुष्य घालवलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे या ठिकाणी आठवतात. जगभर प्रथिनांच्या तुटवड्याचा गाजावाजा चालू असताना, १९६० नंतरच्या दशकात, ते आकडे मांडून सांगत होते की भारतातल्या गरीब मुलाचा तुटवडा मुख्यतः एकूण अन्नाचा आहे. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं बहुधा आपोआप पुरी पडतात. त्यांच्या पुढच्या काही मतांवर कडाक्याचे वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण खिचडीपुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. तांदळात लायसीन कमी आणि डाळीत मिथिओनीन कमी. दोघं एका पातेल्यात आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. उरतो प्रश्न पोटभर मिळण्याचा, आणि तीन वर्षांच्या पोटात ते ‘भर’ घट्टपणातूनच येतं.

पातेलं उतरल्यावर पहिली चव सेविकाताई घेतात, मग मावशी. मगच पळी ताटलीकडे वळते. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. हे नाव मराठवाड्यातल्या कापूसवाल्या घरात कुणाला नवीन नाही. औषधाचे रिकामे डबे धुऊन वापरायची सवय इथेही होती, काही घरांत अजून असेल. म्हणून मावशी बाहेरून आलेल्या डब्यातलं तेल हुंगल्याशिवाय कढईत ओतत नाहीत.

जेवायला बसण्याआधी हात धुण्याची रांग. ही शिस्त फार जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. नखं, केस, अंघोळ यांपासूनच त्यांची शाळा सुरू होई. देशभरची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. आज देशातल्या कुठल्याही राज्यात ‘अंगणवाडी’ हे नाव ऐकलं की ते या दोघींच्या कामातून गेलं आहे, हे हट्ट्यातल्या सेविकाताईंना ठाऊक होतं. बोर्डीचा उल्लेख त्यांनीच काढला.

लेकरं खाताना बघणं हा वेगळाच अभ्यास आहे. पहिली चार-पाच मिनिटं कोणी बोलत नाही. त्यानंतर मोहरीचा दाणा दिसला की बाजूला काढणारा एक, खिचडीचा डोंगर करून मधे खड्डा पाडणारी एक, आणि शेजारच्याच्या ताटलीत जास्त आहे असं ठाम मत असलेले बाकी सगळे. एका मुलीने निम्मं खाऊन ताटली झाकली. धाकट्यासाठी घरी न्यायचं होतं. ताईंनी तिला खायला लावलं नाही, रागावल्याही नाहीत; तिच्या डब्यात वेगळी पळी घातली आणि मग ती उरलेलं जेवली. त्या पळीची नोंद कुठेही होणार नाही. २०२१ पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी भरतात, आहार दिल्याचं भरतात. ताटलीत उरलं किती, याचा रकाना मात्र माझ्या पाहण्यात आला नाही. मला तोच सगळ्यांत आधी हवासा वाटतो: रोज उरलेल्याची बादली तोलायची, बस्स. खिचडीचा दर्जा महिन्याभरात कागदावर उतरेल.

महिन्याकाठी लेकरांचं वजन मात्र होतं. तीन वर्षांच्या मुलाचा काटा ११.३ किलोच्या खाली किंवा मुलीचा १०.८ च्या खाली राहिला की नाव कमी वजनाच्या यादीत जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली; चौथ्या फेरीत ३६.०, पाचवीत ३६.१. चार-पाच वर्षांत काटा हललाच नाही. याचा दोष एकट्या खिचडीवर टाकणं अन्यायाचं होईल. आईचं लग्नाचं वय, पाणी, जुलाब, मजुरी, सगळं त्यात आहे. पण अंगणवाडीच्या हातात जे आहे ते पातेलंच.

ते पातेलं कोणाच्या हातात असावं, यावर सर्वोच्च न्यायालयातसुद्धा भांडण झालं. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहाराला ठेकेदार नकोत, गावची मंडळं आणि बचतगट हवेत. तरी आपल्या राज्यात घरी न्यायच्या आहाराच्या निविदा अशा अटींनी निघाल्या की लहान गट दारातच अडावेत. त्या अटी २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने रद्द केल्या. याचिका वैष्णोराणी या महिला बचतगटाची होती. गावात शिजलेल्या अन्नाची बाजू घ्यायला माझ्याकडे भावनेपेक्षा साधं कारण आहे. पाकिटातलं पीठ लेकराला आवडलं नाही तर ते शेळीच्या पाटीत जातं आणि बनवणाऱ्याला कधी कळत नाही. मावशींना मात्र त्याच दुपारी कळतं.

घट्टपणाला एक अडचण आहे, आणि ती मावशींनीच काढली. अगदी धाकट्यांना घट्ट गिळवत नाही, म्हणून आया पातळ करून मागतात. याचं उत्तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांच्या चमूने १९८० च्या दशकात शोधून ठेवलं आहे. धान्याला मोड आणून, वाळवून त्याचं पीठ करायचं आणि घट्ट शिजलेल्या लापशीत चमचाभर मिसळायचं. मोडातल्या विकराने स्टार्च तुटतो, लापशी पाणी न घालता सैल होते आणि त्याच वाटीत जवळपास दुप्पट धान्य मावतं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यात हीच करामत आहे. मी हे सांगितल्यावर मावशींनी ज्वारीला मोड किती दिवसांत येतात ते हिशेबून पाहिलं. उन्हाळ्यात दोन, म्हणाल्या, आणि वाळायला एक ऊन पुरे. नाचणी इकडे पिकत नाही, ज्वारी घराघरांत आहे. दळायला गिरणीवाला पैसे घेईल, ते कोणत्या खर्चात टाकायचे, एवढंच त्यांनी ताईंना विचारलं. ताईंनी वहीचं मागचं पान उघडलं आणि दोघी हिशेबाला बसल्या.